जुना बॉयलर: म्हातारा की नुसता आजारी?

त्या सकाळी जाग आली ती थंडीनेच. खोली तापवणाऱ्या, आतून गरम पाणी फिरणाऱ्या रेडिएटरला हात लावला तर बर्फ. बॉयलरपाशी गेलो, तर प्रेशरचा काटा शून्यावर आडवा. ज्या माणसाला बोलावलं, त्याने झाकण उघडायच्या आधीच पाटीवरचं साल वाचलं आणि म्हणाला, "सतरा वर्षं झाली. आता यात काही राम नाही, नवीन बसवा." मी कोटेशन घेतलं आणि रात्रभर आकडे मांडत बसलो. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. त्याने बॉयलरमधल्या एका लाल डब्याच्या व्हॉल्व्हवरची टोपी काढली, सायकलला हवा भरतात तसला पंप जोडला, हवा भरली, पाणी भरलं आणि चहाला न थांबता निघून गेला. तो बॉयलर त्यानंतर पाच हिवाळे चालला.

हीटिंग असलेल्या घरात नव्याने राहायला गेलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो: घराबरोबर एक जुनं यंत्र गळ्यात पडलंय, त्याचं करायचं काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं वय हे बदलण्याचं कारण नाही. "बॉयलर गेला" अशा बऱ्याच तक्रारींमध्ये दोष बॉयलरमध्ये नसतोच. तो पाइपांत, रेडिएटरमध्ये, पंपात किंवा नुसत्या सेटिंगमध्ये असतो. तिथे नवा बॉयलर बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हा पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. कोटेशन मागवणं अगदी शेवटच्या पायरीवर आहे, ते मुद्दामच.

सगळ्यात आधी: जिवाला धोका नाही ना?

या एका बाबतीत हिशेब वगैरे काही करायचा नाही. इंधन नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं, अंगात त्राण नसणं अशी लक्षणं दिसतात आणि माणूस ती सर्दी-तापावर ढकलून मोकळा होतो. खूण एकच लक्षात ठेवा: घरातल्या सगळ्यांना एकदम त्रास होतोय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर संशय बॉयलरवर घ्या.

जुन्या, काचेतून ज्योत दिसणाऱ्या बॉयलरमध्ये ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, डुलणारी ज्योत, आवरणावर किंवा धुराड्यापाशी काजळी, पायलटची (बर्नर पेटवण्यासाठी सतत जळत राहणारी छोटी) ज्योत वारंवार विझणं, खोलीत खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओल, यातलं काहीही दिसलं तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि परवानाधारक माणसालाच बोलवा. नव्या पद्धतीचे बंद पेटीचे बॉयलर असतात, त्यांत ज्योत नीट दिसतच नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं हाच उपाय. बॉयलर ठेवायचा की काढायचा हे ठरायचंय तोवरही अलार्म हवा. तो आजच आणा.

गॅसच्या भागांना स्वतः हात लावायचा नाही. या लेखात "बघा" म्हटलंय तिथे नुसतं बघायचं आहे. आणखी एक: फार जुन्या बॉयलरच्या आत किंवा धुराड्याच्या सांध्यांत दोरीसारखं किंवा पुठ्ठ्यासारखं पांढुरकं आवरण असेल, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, झाडू नका, फोडू नका.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकं काय आहे?

"बॉयलर" हे नाव फसवं आहे. वाफेवर चालणाऱ्या काही जुन्या व्यवस्था सोडल्या तर यात पाणी उकळत नाही, नुसतं तापतं. बर्नर पेटतो, हीट एक्स्चेंजरमधून (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागातून) जाणारं पाणी तापतं, पंप ते घरभर रेडिएटरमधून फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत आणतो. तेच ते पाणी वर्षानुवर्षं फिरत असतं. नळाला येणारं गरम पाणी वेगळं.

प्रकार ओळखायचा तर आसपास बघा. गरम पाण्याची वेगळी मोठी टाकी आहे आणि माळ्यावर गार पाण्याची एखादी छोटी टाकीही आहे, तर तो जुन्या पद्धतीचा, उघड्या टाकीवर चालणारा बॉयलर. गरम पाण्याची टाकी आहे पण माळ्यावर काही नाही आणि बॉयलरपाशी प्रेशरचा काटा आहे, तर बंद प्रेशरवाला. टाकीच नाही, नळ उघडला की बॉयलर पेटतो, तर तो कॉम्बी. गीझर आणि हीटर एकाच डब्यात घातल्यासारखा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: तो कंडेन्सिंग आहे का? बॉयलरच्या तळातून बोटाएवढी प्लास्टिकची नळी निघून सांडपाण्याच्या पाइपाकडे गेली असेल, आणि बॉयलर चालू असताना त्यातून पाणी ठिबकत असेल, तर आहे. नैसर्गिक वायू जळताना पाणी तयार होतं, एका घनमीटरमागे दीड लिटरच्या आसपास. जुने बॉयलर ते वाफेच्या रूपात धुराड्यातून सोडून देतात, आणि त्या वाफेबरोबर उष्णताही जाते. कंडेन्सिंग बॉयलर त्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता काढून घेतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ नंतर आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०१५ नंतर बसवलेले बहुतेक गॅस बॉयलर याच जातीचे आहेत.

आता पाटीचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, साल, किलोवॉटचा आकडा. पुढे तीनदा लागणार आहे.

दुसरी पायरी: दुखणं कुठे आहे ते शोधा

इथे घाई करू नका. एक संध्याकाळ द्या. घर गार असताना बॉयलर चालू करा आणि अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत हात फिरवा, सावकाश, कारण चांगला तापलेला रेडिएटर चटका देतो.

वरून गार, खालून गरम: हवा अडकलीय. रेडिएटरच्या किल्लीने हवा सोडली की झालं. खालून, विशेषतः मधोमध, गार आणि वरून गरम: गाळ बसलाय. रेडिएटर आतून गंजत असतात आणि तो गंज काळ्या चिखलासारखा तळाशी साठतो. लोखंडाचा काळा ऑक्साइड असल्यामुळे तो चुंबकाला चिकटतो. बॉयलरजवळचे रेडिएटर रसरशीत आणि लांबचे थंड, तर बहुधा पाण्याची वाटणी बिघडलीय. ज्या व्हॉल्व्हवर साधी टोपी असते तो थोडा थोडा आवळून जवळच्यांचं पाणी कमी करायचं, म्हणजे लांबच्यांना मिळतं. हे सगळं बॉयलरच्या बाहेरचं आहे. नवा बॉयलर आणून यातलं काहीच सुटणार नाही. उलट तोच गाळ नव्या यंत्राच्या अरुंद वाटांमध्ये जाऊन बसेल आणि ते दोन वर्षांत रडायला लागेल.

आता कान द्या. पाणी उकळायच्या आधी भांडं जशी घरघर करतं तसा आवाज बॉयलरमधून येत असेल, तर हीट एक्स्चेंजरच्या आत क्षार किंवा गाळ धरलाय. थर जमला की त्याखाली पाणी जागच्या जागी उकळतं, त्याचा तो आवाज. रसायन घालून साफसफाई केली तर बऱ्याचदा थांबतो. न थांबल्यास मात्र ही गोष्ट गंभीर वर्गात टाका.

मग काटा. थंड असताना साधारण १ ते १.५ बार (बार हे दाबाचं माप) असावा, तापल्यावर थोडा चढतो. दोन तऱ्हा वेगळ्या ओळखायला शिका, कारण माझी पहिली फसवणूक याच जागी होणार होती. एक: काटा थंड असतानाही हळूहळू उतरत राहतो, तापल्यावर वेगळं काही घडत नाही. ही गळती. रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी, सांध्यांपाशी कोरडा कागद फिरवून बघा, हिरवट-पांढरे डाग शोधा. दोन: तापल्यावर काटा तडक ३ च्या दिशेने जातो, बाहेर भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या छोट्या नळीतून पाणी पडतं, आणि गार झाल्यावर काटा शून्याजवळ. ही त्या लाल डब्याची गोष्ट.

तो डबा म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला जागा हवी. डब्यात मधोमध रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. वर्षांनुवर्षं ती हवा थोडी थोडी निसटते. मग पाण्याला जागा उरत नाही, प्रेशर चढतं, सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो आणि पाणी बाहेर टाकतो. त्या दुसऱ्या माणसाने काय केलं, तर आधी व्हॉल्व्हची बारीक पिन दाबून बघितली. फुस्स करून किंचित हवा आली. पाणी आलं असतं तर पडदाच फाटलाय असं समजलं असतं आणि डबा बदलावा लागला असता. तरी नुसता डबाच. मग पाण्याचं प्रेशर शून्यावर आणून, एका नळाने पाणी मोकळं सोडत हवा भरली. पाण्याचं प्रेशर तसंच ठेवून हवा भरली तर आकडा खोटा दिसतो, आणि तीन दिवसांत काटा पुन्हा तिथेच.

काटा उतरला की रोज पाणी भरत राहणं ही सगळ्यात वाईट सवय. ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, तो आतलं लोखंड खातो. म्हणजे गळती दुरुस्त न करता तुम्ही गाळच बनवत असता.

बाकीचे नेहमीचे आजार भराभर. कॉम्बीत नळाला गरम पाणी येतं पण रेडिएटर गार, किंवा भर उन्हाळ्यात नळ उघडला की रेडिएटर तापतात: डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे वळवायची ते ठरवणारा भाग. शॉवर गरम-गार-गरम होतो: नळाच्या पाण्याच्या छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार. जुन्या बॉयलरची पायलट ज्योत टिकत नाही: बहुधा थर्मोकपल, म्हणजे ज्योत जळतेय का ते ओळखणारा अगदी स्वस्त भाग. कडाक्याच्या थंडीत कंडेन्सिंग बॉयलर अचानक बंद आणि तळाशी गुळगुळ आवाज: बाहेरून गेलेली ठिबकनळी गोठलीय, कोमट पाणी ओतून मोकळी करा. पंप, पंखा, इग्निशनचा इलेक्ट्रोड, सर्किट बोर्ड हे सगळे बदलता येणारे भाग. बोर्ड महाग असतो खरा, पण ते मरण नव्हे.

मरण म्हणजे मुख्य हीट एक्स्चेंजरला तडा जाणं किंवा त्यातून पाणी गळणं. माझ्या बॉयलरचं पुढे तेच झालं. आवरण काढल्यावर आत गंजाचा एक तांबूस ओघळ वरपासून खालपर्यंत उतरलेला होता आणि त्याच्या टोकाला थेंब लटकलेला. त्या दिवशी मला कुणी काही पटवून द्यावं लागलं नाही.

तिसरी पायरी: आकडे स्वतः काढा

"नवीन बसवला की बिल निम्म्यावर येईल" असं कुणी म्हणालं तर हे गणित करा. जुन्या, सतत पायलट जळणाऱ्या बॉयलरची वर्षभराची खरी कार्यक्षमता ६० ते ७० टक्क्यांच्या घरात असते. त्यानंतरच्या, पण कंडेन्सिंग नसलेल्यांची ७५ ते ८० च्या आसपास. चांगल्या कंडेन्सिंगची, नीट सेट केलेला असेल तर, ९० च्या आसपास.

समजा जुना ७० टक्क्यांचा. १०० युनिट गॅस घातला की ७० युनिट उष्णता घरात. तीच ७० युनिट ९० टक्क्यांच्या यंत्राकडून हवी तर ७८ युनिट गॅस पुरेल. बचत २२ टक्के, चांगलीच आहे. जुना ८० चा असेल तर बचत ११ टक्के. आणि आधीच कंडेन्सिंग असलेला ८८ चा काढून ९२ चा बसवलात तर ४ टक्के. ही बचत फक्त गॅसवर, तीही हीटिंग आणि गरम पाण्याच्या गॅसवर. आता तुमच्या वर्षाच्या बिलाला हा टक्का लावा आणि नव्या बॉयलरच्या एकूण खर्चाला त्याने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते दिसेल. शेवटच्या उदाहरणात ती वर्षं नव्या बॉयलरच्या आयुष्यापेक्षा जास्त भरतात. त्याचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षं धरतात. जुने बिडाचे जाडजूड बॉयलर मात्र पंचवीस-तीस वर्षंही निघतात. जुनं ते सोनं म्हणत नाही मी, कारण ते सोनं इंधन फार खातं. पण टिकाऊपणात त्यांचा हात धरणारं नवं काही नाही.

जाहिरातीत १०० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता दिसली तर हबकू नका. वाफेतली उष्णता हिशेबात न धरता इंधनातली उष्णता मोजली की असा आकडा येतो. नैसर्गिक वायूच्या बाबतीत या दोन पद्धतींत सुमारे ११ टक्क्यांचा फरक पडतो. दोन यंत्रांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढंच बघा.

आता फुकटातला उपाय. बॉयलर कंडेन्सिंग असेल तर त्याचं पाण्याचं तापमान किती अंशांवर लावलंय ते बघा. पुष्कळ घरांत ते ७५-८० वर असतं. वाफेचं पाणी व्हायला परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. ८० ने पाठवलेलं पाणी ६५ ने परत आलं तर तुमचा कंडेन्सिंग बॉयलर फक्त नावाचा कंडेन्सिंग. तापमान ६० वर आणा, दोन दिवस बघा, मग ५५. घर तापायला वेळ जास्त लागेल, पण तापेल, आणि गॅस कमी जळेल. दोन अपवाद नीट वाचा. गरम पाण्याची टाकी याच पाण्यावर तापत असेल तर टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत जायलाच हवं, नाहीतर त्यात लीजनेला जिवाणू वाढण्याचा धोका. त्यामुळे बॉयलर ६५ च्या खाली नेऊ नका. आणि जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरवर हा प्रयोग अजिबात करू नका. त्यात वाफेचं पाणी झालं तर ते आम्लधर्मी पाणी बिड आणि धुराडं दोन्ही खातं.

चौथी पायरी: तराजू

आता तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत: दोष कुठला, दुरुस्तीचा खर्च, संभाव्य बचत. माझा अंदाजपंचे नियम असा. तो नियम आहे, कायदा नव्हे.

दहा वर्षांच्या आतलं यंत्र, सुटा भाग बिघडला: दुरुस्त करा, विचार करू नका. दहा-पंधरा वर्षांचं कंडेन्सिंग यंत्र, पहिलाच मोठा बिघाड: दुरुस्तीचा खर्च नव्या बॉयलरच्या, बसवण्यासकट, तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्त. तेच यंत्र, पण दोन वर्षांतला तिसरा बिघाड: आता थांबा. प्रत्येक दुरुस्ती एकेकटी स्वस्तच वाटते, तीन पावत्या शेजारी ठेवल्यावर चित्र बदलतं. मुख्य हीट एक्स्चेंजर गेला, वॉरंटीही संपली: बदला. भाग मिळेनासे झाले: बदला, पण "भाग मिळत नाहीत" हे एकाच माणसाच्या तोंडून ऐकून नव्हे. पाटीवरचा मॉडेल नंबर घेऊन स्वतः शोधा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

सतत पायलट जळणारा तीस वर्षांचा बॉयलर ठणठणीत चालतोय, हे कोडं मला विचाराल तर अवघड आहे. चालतं यंत्र काढायला मन धजत नाही. पण घर मोठं, हिवाळा लांब आणि बिल भरभक्कम असेल तर २२ ते ३० टक्के बचत ही दरवर्षीची रक्कम आहे. अशा घरात मी बदलेन, पण उन्हाळ्यात, तीन कोटेशनं घेऊन, आरामात. छोटं घर, महिनाभरच खरी थंडी, तर सर्व्हिसिंग करून घेईन आणि अलार्मची बॅटरी बदलेन.

दोन वर्षांत भिंतींना किंवा छताला उष्णतारोधक थर द्यायचा विचार असेल, खिडक्या बदलायच्या असतील, तर बॉयलर शक्य तितका ढकला. घराची भूक कमी झाली की यंत्र लहान लागतं.

पाचवी पायरी: बदलायचाच तर कशाने, आणि केवढा

बॉयलर मोठा असलेला बरा, ही समजूत महागात पडते. मोठा बॉयलर भसकन पेटतो, पाणी पटकन तापवतो, बंद होतो, पाच मिनिटांत पुन्हा पेटतो. अशा चालू-बंदने भाग झिजतात आणि गॅस वाया जातो.

घराला किती लागतं हे गॅसचा मीटरच सांगतो. वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांपैकी एक निवडा, सकाळी सातला मीटर वाचा, दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा. समजा १३ घनमीटर जळले. एका घनमीटर नैसर्गिक वायूत सुमारे ११ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता, म्हणजे १४३. जुना बॉयलर ७५ टक्क्यांचा धरला तर घरात आली १०७. भागिले २४ तास: साडेचार किलोवॉटच्या आसपास. आणि बॉयलरच्या पाटीवर लिहिलंय २८! याहून कडक थंडीसाठी आणि गार घर लवकर तापवण्यासाठी यात भर घालावी लागते, आणि शेवटचा आकडा खोलीवार उष्णतेचा हिशेब करणाऱ्याकडूनच घ्यायचा. पण हा कागद हातात असला की "तुम्हाला पस्तीसचाच लागेल" असं कुणी सहज म्हणत नाही.

कॉम्बीत मोठा आकडा लागतो तो नळासाठी. २४ किलोवॉटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो, ३५ चा सुमारे १४. एक बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावा. तुमच्या नळालाच मिनिटाला ९ लिटर येत असेल तर ३५ चा बॉयलर काय कामाचा? दोन न्हाणीघरं एकाच वेळी चालत असतील तर कॉम्बी सोडा, टाकीवाला घ्या. कॉम्बी घेताना किमान किलोवॉटचा आकडाही विचारा. यंत्र किती खाली उतरून मंद जळू शकतं ते त्यावरून कळतं, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते मंदच जळणार असतं.

हीट पंपाचाही विचार इथेच करा. बॉयलर बंद पडलेला असताना त्याला वेळ मिळत नाही. तो विजेच्या एका युनिटात साधारण तीन युनिट उष्णता घरात देतो, त्यातली दोनेक बाहेरच्या हवेतून किंवा जमिनीतून ओढलेली, पण कोमट पाण्यावर चालताना जास्त चांगला. परवडेल का, याची ढोबळ कसोटी: विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या ३.३ पटींपेक्षा स्वस्त असेल तर चालवायचा खर्च नव्या गॅस बॉयलरपेक्षा कमी. तीन भागिले ०.९, एवढंच त्यामागचं गणित. आणि घर त्याला तयार आहे का, याची चाचणी तुम्ही कदाचित केलीयच: कडाक्याच्या थंडीत ५५ अंशांच्या किंवा त्याखालच्या पाण्यावर घर उबदार राहिलं, तर रेडिएटर पुरेसे मोठे आहेत. नाही राहिलं तर दोन-चार रेडिएटर मोठे करावे लागतील.

सहावी पायरी: कोटेशन

तीन घ्या, आणि प्रत्यक्ष घर बघितल्याशिवाय दिलेलं एकही धरू नका. रक्कम शेवटी वाचा. आधी बघा कोण काय करणार आहे. बसवण्याआधी पाइप आणि रेडिएटर धुणार का? परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर लावणार का? गंजरोधक रसायन घालणार का? गॅसचा पाइप नव्या कॉम्बीला पुरेल एवढा जाड आहे का ते मोजलं का? ठिबकनळी कुठून नेणार, घरातून की बाहेरून? हे शेवटचं ज्याने स्वतःहून सांगितलं, त्याला मी एक गुण जास्त देतो.

जुना उघड्या टाकीवरचा बॉयलर काढून बंद प्रेशरवाला बसवत असाल तर एक विचारायला विसरू नका: प्रेशर वाढल्यावर फरशीखालचा जुना सांधा गळला तर काय? जे पाइप चाळीस वर्षं कमी दाबावर सुखाने राहिले, ते दीड बारला तक्रार करू शकतात. आधी प्रेशर चाचणी घेतलेली बरी. विटांच्या जुन्या धुराड्याचंही तसंच. कंडेन्सिंगचा ओला, आम्लधर्मी धूर त्यात तसाच सोडता येत नाही, वेगळी नळी लागते. आणि त्याच धुराड्यावर पाणी तापवायचं दुसरं एखादं गॅसयंत्र असेल, तर एकटं उरल्यावर त्याचा धूर नीट वर चढेल का, हे तपासून घ्या. धुराडं त्याला मोठं पडतं, थंड राहतं आणि धूर घरात परतू शकतो.

वॉरंटीची वर्षं मोजताना अट वाचा. बहुतेकांची दरवर्षी सर्व्हिसिंगची अट असते, आणि एक वर्ष चुकलं की उरलेली वर्षं गेली.

बसवल्यानंतरचे पहिले सात दिवस

कामगार जायच्या आधी चाचणीचे आकडे लिहिलेला कागद आणि बसवल्याचं प्रमाणपत्र हातात घ्या. कंट्रोलवर पाण्याचं तापमान कितीवर आहे ते त्यांच्यासमोर बघा. बऱ्याचदा ते कारखान्यातून आलं तसंच, चढं, ठेवलेलं असतं. मग आठवडाभर रोज सकाळी, हीटिंग सुरू व्हायच्या आधी, काट्याचा फोटो काढा. पहिले दोन-तीन दिवस तो थोडा उतरेल, कारण नव्या पाण्यातली हवा रेडिएटरमध्ये गोळा होऊन बाहेर पडत असते. हवा सोडा, एकदा-दोनदा पाणी भरा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो एका जागी ठरायला हवा. नाही ठरला तर त्याच आठवड्यात फोन करा. गळती शोधणं तेव्हा त्यांच्याच कामात मोडतं. दोन महिन्यांनी केलात तर ते नवं काम होतं आणि त्याचं बिल वेगळं येतं.